शेठची कॅबिन आणि कॉलेजची मान्यता

अकरा मार्च. हातातलं काम: दारांवर पाट्या चिकटवणं.

पाट्या नऊ होत्या. प्राचार्य, ग्रंथालय, कार्यालय, वर्गखोली क्रमांक एक, दोन, तीन, मुलींसाठी विश्रांती कक्ष वगैरे. प्राचार्य अजून नेमायचे होते, मुली अजून यायच्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती आणि समितीला पाटी वाचल्याशिवाय खोली ओळखता येत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. ड्रिल मशीन घेऊन येतो म्हणालेला माणूस फोन उचलत नव्हता. मी खालच्या स्टेशनरीतून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली, स्टुलावर चढले आणि स्वतः लावल्या. 'अध्यक्ष' ही दहावी पाटी मात्र आधीपासूनच लागलेली होती. ती पितळेची होती.

कॉलेज काढणं हे लोकांना वाटतं तितकं अवघड नाही आणि लोक समजतात तितकं काळंबेरंही नाही. ते फक्त लांबलचक आहे. आधी संस्था नोंदवायची. मग त्या भागात कॉलेज हवं आहे असं विद्यापीठाच्या आराखड्यात असावं लागतं. मग प्रस्ताव, तीन प्रतींत, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का. वर्ष सरत आलं की मंत्रालयातून इरादापत्र येतं. इरादापत्र म्हणजे मुलगी पसंत आहे एवढा निरोप. त्यावर कोणी मांडव घालत नाही. त्यानंतर इमारत, बाकं, पुस्तकं, पाणी, आग विझवायची नळकांडी सगळं उभं करून दाखवायचं, समिती येऊन बघून जाते, आणि मग अंतिम मान्यता येते. ती आली की प्रवेश सुरू.

आमच्या शेठनी इरादापत्रावरच मांडव घातला होता. उलव्याच्या चौकात स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता, खाली 'शिक्षणमहर्षी'. मी म्हटलं, "शेठ, अजून मान्यता यायची आहे." ते म्हणाले, "मॅडम, फ्लेक्स उतरवायला कितीसा वेल लागतो?"

शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मूळचे इथल्या खाडीकाठच्या गावातले. भाताची शेती होती ती नव्या शहरासाठी आणि विमानतळासाठी गेली, बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले, त्यांवर त्यांनी इमारती बांधल्या, फ्लॅट विकले आणि शेठ झाले. एक इमारत विकायची ठेवली नाही. तिच्यात कॉलेज काढायचं असं त्यांच्या मनाने घेतलं. का घेतलं ते मी कधी विचारलं नाही. मला नोकरी हवी होती. आधीच्या कॉलेजात मी कार्यालय अधीक्षक होते; तिथे नवं व्यवस्थापन आलं आणि त्यांना माझ्या जागी कॉम्प्युटर चालवणारी, कमी बोलणारी कोणीतरी हवी होती. एक्कावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार होतं? शेठनी घेतलं. पहिल्याच दिवशी व्यवहार स्पष्ट केला.

"मान्यता आली तर तुमी रजिस्ट्रार. या जूनला नाय आली तर इमारत मी जिमवाल्याला देतो. तो वर्षभर मागं लागलाय. मंग तुमचा आमचा रामराम."

मला असे स्पष्ट लोक आवडतात.

समिती बारा तारखेला साडेअकराला आली. तिघे होते, पण बोलणारे एकच: समितीचे प्रमुख. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा कॉलेजचे प्राचार्य, सडपातळ, पायांत चपला, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं पिशवीत औषधं असतील. पुस्तकांची त्यांनी दोन-चार पानं उलटली, नळ सोडून पाहिला, नळकांड्यांवरची मुदत वाचली. पुस्तकं खरी होती, आमच्या पैशांची, आणि मी स्वतः निवडलेली. म्हणून मी निर्धास्त होते. तोवर एक वाजला आणि शेठनी त्यांना जेवायला बसवलं.

ही आमची पहिली चूक. आगरी माणसाच्या घरी पाहुणा उपाशी राहत नाही हे कबूल, पण जेवण तपासणी संपल्यावर द्यायचं असतं. कोलंबीचं कालवण, तळलेलं पापलेट, तांदळाच्या भाकऱ्या. प्रमुखांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. शेठ वाढायला उभे, डोळ्यांनीच मला सांगत होते की झालं काम. मीही तसंच समजले. माणूस भरल्या पोटी झोपतो. प्रमुख मात्र हात धुऊन ताजेतवाने झाले, पिशवीत हात घातला आणि सुताराची पोलादी टेप काढली.

"चला, खोल्या मोजू," म्हणाले. "एक टोक धरा हो मॅडम."

मी टोक धरलं. पहिली खोली चारशे तीस चौरस फूट. दुसरी चारशे तीस. तिसऱ्या खोलीत ते वाकले तेव्हाच मला आकडा ठाऊक होता.

साठ मुलांच्या वर्गाला किमान पाचशे लागत होते. आमच्या प्रस्तावात प्रत्येक खोली सहाशे वीस अशी लिहिली होती. लिहिली म्हणजे मीच लिहिली होती, शेठनी दिलेल्या कागदावरून.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, हे सहाशे वीस कुठून आणलेत?"

शेठना प्रश्नच कळला नाही. "कुटून म्हंजे? भितीच्या बाहेरून भितीच्या बाहेर. त्यात जिना धरला. लिफ्ट धरली. टाकी धरली. आमच्याकडं असंच धरतात."

"कोणाकडे?"

"सगल्याच बिल्डरांकडं."

"म्हणजे मुलांनी टाकीत बसायचं?"

समितीतले दुसरे दोघे खिडकीबाहेर बघू लागले. शेठना यात काही खोटं केल्याचं वाटतच नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. वीस वर्षं त्यांनी याच हिशेबाने घरं विकली. गिऱ्हाईकही हाच आकडा अभिमानाने पाहुण्यांना सांगतं. आणि मी? आमचा कामोठ्याचा फ्लॅट कागदावर साडेसहाशेचा आहे, आत पलंग ठेवला तर बेडरूमचं दार अर्धंच उघडतं. मला तरी टेप लावून बघायला काय झालं होतं? शेठचा कागद घेतला आणि रकान्यात उतरवला. बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या अशा चुकांवर मी किती तोंड वाजवलं असेल.

प्रमुख वाईट नव्हते. त्यांनी शेरा लिहिला: वर्गखोल्यांचे क्षेत्रफळ निकषापेक्षा कमी, पंधरा दिवसांत पूर्तता करून ठरावासह अहवाल द्यावा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "या मधल्या भिंती नुसत्या ब्लॉकच्या दिसतात, भार घेणाऱ्या नाहीत. बघा काही होतंय का. कोलंबी मात्र उत्तम." शाल आणि नारळ घेतला, पिशवीत टेपशेजारी नारळ ठेवला आणि गेले.

काय होतंय ते मला त्यांची गाडी वळायच्या आत दिसलं. दुसऱ्या मजल्यावर तिन्ही वर्ग एका ओळीत होते आणि ओळीच्या टोकाला शेठची कॅबिन होती, तीनशे चौरस फूट. आतून. चारही खोल्यांची बेरीज पंधराशे नव्वद. मधल्या तीन भिंती पाडून दोनच उभ्या केल्या तर तीन वर्ग, प्रत्येकी पाचशे तीसचे. भिंतींची जाडी धरली तर चार बोटं जास्तच. आठ दिवसांचं काम.

शेठना हे मी कॅबिनमध्येच बसून सांगितलं, ही दुसरी चूक. कॅबिनला लाल सोफा होता, काचेचं टेबल होतं, एसी होता, आणि भिंतीवर शेठचे निरनिराळ्या पुढाऱ्यांबरोबर हसतानाचे सोळा फोटो होते. रोज दुपारी तीनला गावातले तिघे यायचे आणि 'मीटिंग' सुरू व्हायची. मीटिंगमध्ये तेरा तेरा पानं वाटली जायची.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, शेती गेली. मिठागर गेलं. खाडीवर जायची वाट पन गेली. जो आला तो बोलला, द्या. आमी दिली. आता या खुर्चीखालची जागा पन द्यायची? ती पन बाकडी ठेवाला?"

  सातारा सोडून आलेल्या माझ्या माणसांना या शहरात ज्या जमिनीवर घर मिळालं, ती अशाच कोणाची तरी होती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय? माझा आर्किटेक्ट हाय. तो दाखला देतो, खोल्या पाचशे तीसच्या. ठराव तुमी टाइप करा. झाली पूर्तता."

"ते परत मोजायला आले तर?"

"एवढ्या उन्हाचा कोन येतो? तुमी टेन्शन घेऊ नका."

"आणि आले तर?"

"तर जिम," शेठ म्हणाले आणि एसी वाढवला.

मी टाइप केलं. हे लिहिताना मला काही फार बरं वाटत नाही, पण टाइप मीच केलं. 'संस्थेच्या सर्वसाधारण सभेत असे ठरले की...' वगैरे, आकड्यांसह. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की खोटा दाखला आर्किटेक्टचा आहे, माझा नाही. मी फक्त टायपिस्ट. इतकी वर्षं मी कोणाकडून स्वतःला टायपिस्ट म्हणवून घेतलं नव्हतं.

ठरावावर सही सचिवांची लागते. आमच्या सचिव म्हणजे शेठच्या पत्नी. अशा संस्थांमध्ये सचिव बहुधा पत्नीच असते. खजिनदार भाऊ, सदस्य भावजय आणि शोभेला एक निवृत्त मास्तर. संस्था नोंदवल्यापासूनच्या सात वर्षांत वहिनींनी तिच्या किती कागदांवर सह्या केल्या असतील त्याची गणती नाही. मी गावात घरी जायचे, त्या हात पुसायच्या, मी बोट ठेवेन तिथे सही करायच्या आणि मला चहा द्यायच्या. त्या चौथी शिकलेल्या, सही मात्र वळणदार.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास गेले तर त्या ओटीवर सुपात सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोलंबी, निवडत बसल्या होत्या. मी कागद पुढे केला, बोट ठेवलं.

वहिनींनी पेन घेतलं नाही.

"बाय, मना वाचून दाखव."

"वहिनी, नेहमीचाच ठराव आहे."

"नेमीचा नाय. मगाशी त्यांचा फोन आलेला. बोलले, म्याडम कागद आनतील, सही कर, इचारू नको. सात वरसा सही करतंय मी. कदी बोलले नाय इचारू नको, कारन मी इचारतच नवते. आज बोलले, म्हंजे कायतरी हाय ह्याच्यान."

मी वाचून दाखवलं. सरकारी मराठी वहिनींना कळणारी नव्हती. खरं तर ती कोणालाच कळू नये म्हणून असते. मग सोप्या भाषेत सांगितलं: खोल्या लहान आहेत, कागदावर मोठ्या दाखवतोय.

"म्हंजे खोटा."

"हो."

"आनि सही माझी."

"सचिव तुम्ही."

"मंग तुरुंगान मीच जानार? ते नाय?"

"तुरुंगात कोणी जात नाही हो. फार तर कॉलेजचा अर्ज कायमचा बाद होईल आणि तिथे जिम येईल."

वहिनींनी जवळ्यातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "खरा लिवायचा तं काय कराला लागल?"

मी ठरावाच्या पाठीमागे चार चौकोन काढले. तीन वर्ग आणि टोकाला एक. खरं सांगायचं तर चौथ्या चौकोनाची रेघ मी जरा गडद काढली. वहिनींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"हा काय?"

"शेठची कॅबिन."

"तिकडं काय करतात?"

"मीटिंगा होतात."

"पत्त्यांच्या," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं, तेवढ्यात आतून शेठची भावजय बाहेर आली. ती आमची सदस्य. मी तिला सभेत कधी पाहिलं नव्हतं कारण सभा कधी झालीच नव्हती. ती म्हणाली, "आमचे पन तिकडंच असतात. तीन वाजले का दोगं भाऊ गायब. दुकानावर बसायचा कोनी? मी." तिचे 'आमचे' म्हणजे आमचे खजिनदार; मीटिंगच्या तिघांतले ते एक, हे मला ठाऊक होतं. 

"बाय, तू बोललीस ना, ठराव सभेत होतो," वहिनी म्हणाल्या. "मंग सभा घेऊ. किती मानसा लागतात?"

"कमीत कमी तीन सदस्य."

"मी एक. ही दोन. त्यांना फोन लाव."

शेठ वीस मिनिटांत आले. ओटीवर आम्ही तिघी ओळीने बसलेल्या बघूनच त्यांनी ओळखलं असावं, कारण चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तुमी काय सांगितलं हिला?"

"मी वाचून दाखवलं."

"तुमाला वाचायला पाठवलंवतं का सही घ्यायला?"

"तिला कनाला बोलता?" वहिनी म्हणाल्या. "बसा. सभा हाय."

"कसली सभा?"

"तुमचीच संस्था हाय, तुमाला म्हाईत नाय?"

शेठ झोपाळ्यावर बसले. वहिनींनी सांगितलं की कॅबिन जाणार, भिंती सरकणार, आणि कागदावर खरे आकडे येणार. शेठनी मला ऐकवलेलं तेच पुन्हा ऐकवलं: शेती गेली, मिठागर गेलं, खाडीची वाट गेली. ऐकायला दुसऱ्यांदाही ते खरंच वाटत होतं. मी जमिनीकडे बघत बसले. वहिनी मात्र सूप खाली ठेवून सरळ बसल्या.

"जमीन गेली तवा सही कोनी केली? तुमी. तुमच्या भावानं. शेतान लावनी मी केली, कापनी मी केली, पन मना कोनी इचारला? तवा सही माझी लागत नवती. आता लागतंय. मी खोट्यावर करनार नाय."

शेठनी पायाने झोपाळा ढकलला. कडी जोरात वाजायला लागली.

"जिमवाल्याला देऊन टाकतो," शेवटी ते म्हणाले.

"द्या. त्याचा पन करारनामा संस्थेच्या नावान होईल. त्यावर पन सही माझीच." त्या माझ्याकडे वळल्या. "बरोबर ना, बाय?"

"बरोबर," मी म्हटलं. इमारत शेठनी संस्थेच्या नावे करून दिली होती, कारण प्रस्तावात तशी अट होती आणि ती अट मीच त्यांच्याकडून पूर्ण करून घेतली होती. त्या वेळी माझ्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं. पण श्रेय मिळत असेल तर नाही कशाला म्हणा.

मी तिथेच नवा ठराव हाताने लिहिला. सूचक वहिनी, अनुमोदक भावजय. 'अनुमोदक' म्हणजे काय असं तिने विचारलं. मी म्हटलं, "जी म्हणते, मलाही तसंच वाटतं." ती म्हणाली, "मग ते कदीचं वाटतंय." वहिनींनी त्यांच्या वळणदार अक्षरात सही केली आणि या वेळी बोट मी ठेवलं नव्हतं, जागा त्यांनी स्वतः शोधली. ती चुकीच्या ओळीवर झाली. मी तशीच ठेवली.

"माझा इरोध लिवा," शेठ म्हणाले.

"लिहिलाय."

"मोठ्या अक्षरात लिवा."

'माननीय अध्यक्षांचा विरोध नोंदवून ठराव बहुमताने मंजूर,' असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांना दाखवलं. 'माननीय' वाचून ते जरा निवळले. मग वहिनींनी सगळ्यांना चहा दिला. शेठनीही घेतला, फक्त नेहमीसारखा बशीत ओतून घेतला नाही, म्हणजे राग होता.

मान्यता पुढे वेळेत आली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मान्यता म्हणजे एक पान असतं आणि त्यावरची तारीख पुसट असते. प्रमुख परत मोजायला आले होते की नाही, असं लोक हमखास विचारतात. आले होते. भर उन्हात, तीच पिशवी घेऊन. या वेळी मी जेवण नंतर दिलं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हातात एक कागद होता आणि दहा दिवस उरले होते. मी घरी जाऊन शेठच्याच साइटवरच्या मुकादमाला फोन केला आणि दोन गवंडी, एक बिगारी सांगून ठेवला. शेठना विचारलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ठराव झालाय. ठराव या शब्दाला आमच्याकडे अजून वजन आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कॅबिनचं कुलूप उघडलं. सोळा फोटो उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ग्रंथालयाच्या कपाटात ठेवले. पत्त्यांचे चार जोड निघाले, ते वहिनींकडे पाठवून दिले. सोफा दारातून बाहेर निघेना. आत कसा नेला होता कोण जाणे. तो आडवा करून, एक पाय काढून जिन्यात आणला. मग मी खडूने जमिनीवर दोन रेघा मारल्या आणि गवंड्यांना दाखवल्या.

नऊ वाजता शेठ आले. दारात उभे राहून त्यांनी रिकामी खोली पाहिली, खडूच्या रेघा पाहिल्या, मग मला म्हणाले, "मॅडम, एसी तरी नीट काढा. नवीन हाय."

मी एसीवाल्याला फोन लावला. तो अकराला येतो म्हणाला. एसी ज्या भिंतीवर होता ती बाहेरची होती, पडणार नव्हती. म्हणून मी गवंड्यांना सांगितलं की त्याची वाट बघू नका, आतल्या भिंतीपासून सुरुवात करा. तोंडाला ओढणी बांधली आणि खिडक्या उघडल्या.